भूकंपनोंदींची निवड : एका रूढीची चिकित्सा

काही वर्षांपूर्वी एका पदव्युत्तर प्रबंधाच्या मौखिक परीक्षेस परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. मुंबईतील एका वीस मजली प्रबलित काँक्रीटच्या इमारतीचे भूकंपातील वर्तन, हा प्रबंधाचा विषय. विश्लेषण अतिशय परिश्रमपूर्वक केलेले होते. काँक्रीटचे तडकणे, पोलादाचे ताणले जाणे, तुळयांच्या टोकांशी प्लास्टिक हिंज निर्माण होणे, पुनःपुन्हा होणाऱ्या हेलकाव्यांनी सांध्यांचा ताठरपणा घटत जाणे, ह्या सर्वांचा विचार त्यात केलेला होता. परंतु एवढी सजविलेली इमारत ज्या भूकंपांनी हलवावयाची, ते भूकंप तीनच होते : एल सेंट्रो, टॅफ्ट आणि कोयना. ह्याच तीन नोंदी का निवडल्या, असे विचारता विद्यार्थ्याने उत्तर दिले, "सर, सगळे ह्याच घेतात."

उत्तर प्रांजळ होते आणि, खेदाने म्हणावे लागते, खरेही होते. आपल्याकडील प्रबंधांत इमारतीच्या प्रतिमानावर शंभर पाने खर्च होतात आणि भूकंपनोंदीच्या निवडीस एक परिच्छेद पुरतो. वस्तुतः इमारत उभी राहील की कोसळेल ह्या निर्णयावर सर्वांत मोठा परिणाम ज्या गोष्टीचा होतो, ती गोष्ट बहुधा ह्या एका परिच्छेदातच असते. कोणती नोंद घ्यावी हे ठरविणे म्हणजे ह्या जागी कोणता भूकंप येणार आहे ह्याविषयी एक विधान करणे होय. ते विधान आपण केले आहे ह्याची जाणीवच निवडणाऱ्यास नसावी, हा प्रस्तुत लेखातील मुख्य आक्षेप आहे.

ही रूढी पडली कशी, हे प्रथम पाहू. जमिनीच्या जोरदार कंपनाची पहिली उपयुक्त नोंद १९३३ च्या लाँग बीच येथील भूकंपात झाली. त्यानंतर १८ मे १९४० रोजी कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत ६.९ परिमाणाचा, म्हणजे ज्याला आपण मॅग्निट्यूड म्हणतो त्या मापाने ६.९ इतका, भूकंप झाला. एल सेंट्रो गावातील एका वीज-उपकेंद्रात ठेवलेल्या यंत्राने तो टिपला. तिच्या उत्तर-दक्षिण घटकाचे शिखरत्वरण, नोंदीच्या दुरुस्तीची जी पद्धत वापरावी त्यानुसार, गुरुत्वत्वरणाच्या ०.३२ ते ०.३५ पट भरते. भ्रंशाच्या इतक्या जवळची आणि इतकी स्वच्छ नोंद दुसरी नव्हती. संगणकाचा उदय होत असताना हाताशी हीच होती. साहजिकच ती पाठ्यपुस्तकांत गेली आणि पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालत आली. १९५९ मध्ये हाउस्नर ह्यांनी जो सरासरी वर्णपट प्रसिद्ध केला तो चार भूकंपांच्या आठ घटकांवर आधारलेला होता, आणि त्या चारांतील दोन नोंदी, १९३४ आणि १९४० ह्या वर्षांच्या, एल सेंट्रोच्याच होत्या. आपल्या भारतीय मानक १८९३ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी हाउस्नर ह्यांचेच सरासरी वर्णपट स्वीकारले. त्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. हाती चारच भूकंप असता चारांची सरासरी घेणे हेच शहाणपणाचे होते. आज प्रशांत महासागराच्या काठावरील एका संशोधनकेंद्राने सिद्ध केलेल्या एनजीए-वेस्ट २ ह्या संग्रहात एकवीस हजारांवर नोंदी आहेत. तरीही निवड तीच राहावी, हे मात्र चिकित्सेस पात्र आहे.

कोयनेच्या नोंदीविषयी अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ती आपली आहे आणि आपलेपणामुळेच तिचा सर्वाधिक दुरुपयोग होतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला. परिमाण त्या काळी ६.५ सांगितले गेले. पुढील अभ्यासांनी ते ६.३ च्या आसपास आणले. तोवर द्वीपकल्पाचे पठार भूकंपाच्या दृष्टीने जवळजवळ निर्धास्त मानले जात असे. धरणाच्या १-अ ह्या खंडाच्या तळाशी असलेल्या गॅलरीत त्वरणमापक यंत्र बसविलेले होते. त्याने धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट आणि उभ्या दिशेने ०.३४ पट इतके शिखरत्वरण नोंदविले. १०३ मीटर उंचीच्या ह्या धरणाचा आराखडा ०.०५ इतका भूकंप-गुणांक धरून केलेला होता, हे लक्षात घेता ह्या आकड्यांनी त्या वेळी केवढी खळबळ उडाली असेल ह्याची कल्पना यावी.

ह्या नोंदीचा जो पहिला मोठा उपयोग झाला तो निवडीचा आदर्श नमुना म्हणून दाखविण्यासारखा आहे. धरणाच्या खालच्या अंगाचा उतार ज्या उंचीवर एकदम बदलतो, त्या उंचीजवळ भिंतीस आडव्या भेगा गेल्या होत्या. चोप्रा आणि चक्रवर्ती ह्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच नोंद त्याच धरणास लावून पाहिली आणि तेथेच ताण काँक्रीटच्या ताणबलाहून अधिक होतो असे दाखविले. येथे प्रश्न काय होता ? ह्या धरणास ह्या भूकंपात ह्या जागी भेगा का पडल्या. प्रश्न आणि नोंद ह्यांची गाठ जन्मतःच बांधलेली होती. धरणाच्या उंच खंडाचा मूलभूत आवर्तकाल सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांश, आणि नोंदीतील जोर अल्प आवर्तकालांत एकवटलेला. निवडीचे समर्थन करण्याची आवश्यकताच नव्हती.

तीच नोंद मुंबईच्या वीस मजल्यांच्या इमारतीस लावली म्हणजे काय होते ? साठ मीटर उंचीच्या मोकळ्या चौकटीचा आवर्तकाल संहितेच्या सूत्राने सुमारे १.६ सेकंद येतो. कोयनेची नोंद बेसॉल्टच्या कठीण खडकावरची, भूकंपकेंद्राच्या अगदी निकटची, आणि तीही मोकळ्या जमिनीवरील नसून एका अजस्र भिंतीच्या पोटातील. दीर्घ आवर्तकालांकडे तिच्या वर्णपटाची उंची झपाट्याने उतरते. आमच्या विद्यार्थ्याने तिन्ही नोंदींचे शिखरत्वरण ०.१६ वर आणले होते. मुंबई ज्या तिसऱ्या भूकंपक्षेत्रात गणली गेली त्याचा २०१६ च्या आवृत्तीतील गुणांक ०.१६ होता, हे त्याचे कारण. त्यासाठी कोयनेची नोंद जवळजवळ चतुर्थांशाने गुणावी लागली. परिणामी इमारत जेमतेम डुलली, आणि 'कोयनेसारख्या भूकंपाने ह्या इमारतीस धोका नाही' असे एक वाक्य प्रबंधाच्या निष्कर्षांत जाऊन बसले. एल सेंट्रोने मात्र इमारतीस चांगलेच हलविले. तीनच नोंदी असल्याने प्रघातानुसार महत्तम प्रतिसाद ग्राह्य धरला गेला. म्हणजे अंतिम निर्णय देण्याचे काम एकट्या एल सेंट्रोने केले. मुंबईची इमारत इम्पीरियल व्हॅलीच्या गाळावर उभी करून तपासली गेली, आणि टॅफ्ट व कोयना साक्षीस उभ्या राहिल्या.

शिखरत्वरण हे निवडीचे माप म्हणून किती फसवे आहे हे एका सोप्या गणिताने दाखविता येते. शुद्ध हेलकावी कंपनात विस्थापनाचा आवाका त्वरण गुणिले आवर्तकालाचा वर्ग, भागिले पायच्या वर्गाची चौपट, इतका असतो. त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट आणि आवर्तकाल दशांश सेकंद धरला, तर जमीन दीड मिलिमीटरहून किंचित अधिक सरकते. त्वरण ०.१७ पट आणि आवर्तकाल दोन सेकंद धरला, तर ती सतरा सेंटिमीटर सरकते. शिखर पावपटीहून थोडे अधिक, सरक शंभरपट. दुसरे उदाहरण काल्पनिक नाही. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्याजवळ ८.० परिमाणाचा भूकंप झाला, आणि साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरील मेक्सिको शहरात, जुन्या सरोवराच्या मऊ चिखलावरील एका केंद्रात, शिखरत्वरण अवघे ०.१७ पट नोंदले गेले. परंतु त्या नोंदीच्या वर्णपटाची उंची दोन सेकंदांच्या आसपास गुरुत्वत्वरणाच्या बरोबरीस जाऊन पोहोचली. शहरातील मध्यम उंचीच्या आणि उंच इमारती त्यामुळेच पडल्या. जुनी ठेंगणी घरे पुष्कळशी वाचली. शिखरत्वरण पाहून नोंद निवडणाऱ्याने ही नोंद सौम्य म्हणून बाजूस सारली असती.

ह्यावर हल्लीचे अभ्यासक म्हणतील की आम्ही शिखरत्वरण केव्हाच सोडले. आम्ही वर्णपटाशी जुळवितो. येथे चिकित्सा अधिक सूक्ष्म करावी लागते. जुळवावयाचे ते कोणत्या वर्णपटाशी ?

संहितेचा गुळगुळीत वर्णपट असो की संभाव्यतामूलक धोका-विश्लेषणातून निघालेला समधोका वर्णपट असो, तो कोणत्याही एका भूकंपाचा वर्णपट नसतो. समधोका वर्णपटात प्रत्येक आवर्तकालाशी अशी उंची घेतलेली असते की ती ओलांडली जाण्याची शक्यता सर्वत्र सारखी असावी. उदाहरणार्थ, पन्नास वर्षांत दहा टक्के, म्हणजे सुमारे ४७५ वर्षांचा पुनरावृत्तिकाल. परंतु अल्प आवर्तकालातील उंची बहुधा जवळच्या मध्यम भूकंपामुळे येते आणि दीर्घ आवर्तकालातील उंची दूरच्या मोठ्या भूकंपामुळे. वर्गात गणितात पहिला एक, संस्कृतात पहिला दुसरा आणि इतिहासात पहिला तिसरा असावा, आणि त्या तिघांचे गुण एकत्र मांडून 'वर्गातील पहिला विद्यार्थी' म्हणून त्याचा सत्कार करावा, तसा हा प्रकार आहे. तो विद्यार्थी वर्गात बसतच नाही.

एकच भूकंप धरला तरी अडचण सुटत नाही, आणि हा भाग विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक पाहावा. ठराविक परिमाणाच्या आणि ठराविक अंतरावरील भूकंपांच्या नोंदी पाहिल्या तर कोणत्याही आवर्तकालाशी वर्णपटाच्या उंच्या एका मध्यकाभोवती विखुरलेल्या असतात. मध्यकापासूनचे हे अंतर प्रमाण विचलनाच्या पटीत मोजले म्हणजे त्यास एप्सिलॉन म्हणतात. समजा, लॉगॅरिथमच्या मापाने प्रमाण विचलन ०.६ आहे. आपल्या इमारतीच्या १.६ सेकंद ह्या आवर्तकालाशी आपल्याला हवी असलेली दुर्मिळ उंची मध्यकापासून दोन प्रमाण विचलने वर आहे. म्हणजे ती मध्यकाच्या सुमारे ३.३ पट झाली. आता ज्या नोंदीची १.६ सेकंदाशी उंची इतकी असाधारण आहे, तिची अर्ध्या सेकंदाशी उंचीही तितकीच असाधारण असेल काय ? तसे मानण्यास आधार नाही. दोन आवर्तकालांच्या एप्सिलॉनांत सहसंबंध असतो, पण तो पूर्ण नसतो. तो ०.५ धरला, तर अर्ध्या सेकंदाशी अपेक्षित एप्सिलॉन दोनाऐवजी एक, आणि उंची मध्यकाच्या सुमारे १.८ पट. समधोका वर्णपट मात्र तेथेही ३.३ पटीचाच आग्रह धरतो. वीस मजली इमारतीच्या दुसऱ्या कंपनप्रकाराचा आवर्तकाल अर्ध्या सेकंदाच्या जवळपास असतो. म्हणजे वरच्या मजल्यांना जो दुसरा कंपनप्रकार हलवितो, त्यावर आपण विनाकारण जवळजवळ दुप्पट भार टाकला.

सहसंबंधाचा हा विचार धरून जो वर्णपट काढला जातो, त्यास सशर्त मध्यम वर्णपट म्हणता येईल. बेकर आणि कॉर्नेल ह्यांनी २००६ मध्ये वर्णपटाचा आकार आणि एप्सिलॉन ह्यांचा संबंध स्पष्ट केला; २०११ मध्ये बेकर ह्यांनी तो निवडीचे साधन म्हणून मांडला. ह्या वर्णपटास निवडलेल्या आवर्तकालाशी एक टेकडी असते आणि दोन्ही अंगांनी तो उतरत जातो. उजव्या अंगाचा उतार विशेष महत्त्वाचा. इमारत मोडू लागली की तिचा ताठरपणा घटतो आणि आवर्तकाल लांबतो, म्हणजे ती टेकडीवरून उजवीकडे उतरू लागते. खऱ्याखुऱ्या दुर्मिळ नोंदीत तेथे तिला थोडा विसावा मिळतो. सामान्य नोंद केवळ मोठ्या आकड्याने गुणून दुर्मिळ केली, तर तिला अशी टेकडी नसते. उजवीकडेही ती तितक्याच जोराने इमारतीस झोडपते. लुको आणि बझुरो ह्यांनी २००७ मध्ये दाखविले की बेछूट गुणाकाराने नोंदी फुगविल्या असता मजल्यामजल्यांतील सापेक्ष सरक वास्तवाहून अधिक येते, आणि ह्या विपर्यासाचे मूळ मुख्यतः वर्णपटांच्या आकारातील फरकात आहे. 'गुणक चारापेक्षा अधिक नको' ह्या प्रचलित नियमापेक्षा हा विचार कितीतरी अधिक मूलगामी आहे. गुणक लहान असूनही आकार चुकीचा असू शकतो.

हा फरक किती, असे कोणी विचारील. अमेरिकेतील फेमा पी-६९५ ह्या २००९ च्या अहवालात बावीस नोंद-जोड्यांचा एक सामान्य संच दिलेला आहे. तो कोणत्याही विशिष्ट जागेसाठी निवडलेला नसल्यामुळे त्यावरून काढलेली कोसळण्याची मर्यादा आकार-गुणकाने दुरुस्त करावी असे त्यात सांगितले आहे, आणि लवचीक, दीर्घ आवर्तकालाच्या इमारतींसाठी हा गुणक १.६१ पर्यंत जातो. साठ टक्क्यांची दुरुस्ती केवळ निवडीपोटी ! ज्या प्रबंधात तुळईच्या ताठरपणातील पाच-दहा टक्क्यांसाठी प्रकरणेच्या प्रकरणे खर्ची पडतात, त्यात हा प्रश्न उपस्थितही होऊ नये, ह्याचे आश्चर्य वाटते. आणि चूक केवळ सुरक्षित बाजूचीच होते असे समजण्याचेही कारण नाही. शिखरत्वरणाच्या मापाने कोयनेची नोंद उंच इमारतीस लावणारा चुकतो तो धोक्याच्या बाजूस. समधोका वर्णपटाशी काटेकोर जुळविणारा चुकतो तो खर्चाच्या बाजूस. जुन्या वस्तीच्या इमारतीस बळकटी द्यावी की ती पाडावी, हे ठरविताना दुसऱ्या चुकीची किंमत तेथे राहणाऱ्या कुटुंबांस भरावी लागते.

येथे एका विरुद्ध मताची नोंद घेणे न्याय्य होईल. शोम, कॉर्नेल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९८ मध्ये, आणि पुढे इयर्व्होलिनो व कॉर्नेल ह्यांनी २००५ मध्ये, असे प्रतिपादन केले की नोंदी इमारतीच्या पहिल्या आवर्तकालाशी समान उंचीवर आणल्या, तर परिमाण आणि अंतर फार काटेकोरपणे पाहून निवडण्याने मध्यक प्रतिसादात लक्षणीय फरक पडत नाही. ह्या निष्कर्षाचा आधार घेऊन 'मग निवडीची एवढी काळजी कशाला' असे म्हणणारे आहेत. प्रस्तुत लेखकास तो निष्कर्ष त्याच्या मर्यादेत मान्य आहे : पहिल्याच कंपनप्रकाराचे वर्चस्व असलेली इमारत आणि मध्यम नुकसान. परंतु उंच इमारत, कोसळण्याची अवस्था, किंवा दीर्घकाळ चालणारे कंपन ह्यांकडे वळताच ती मर्यादा ओलांडली जाते. शिवाय परिमाण आणि अंतर ह्यांचे महत्त्व ज्यामुळे कमी ठरते ते कारणच वर्णपटाचा आकार हे आहे. त्या अभ्यासांनी काळजी नको असे सांगितलेले नाही. काळजी कोठे घ्यावी तेवढे सांगितले आहे.

नोंदीतच फेरफार करून तिचा वर्णपट लक्ष्यावर तंतोतंत बसविण्याची युक्तीही पुष्कळ प्रचलित आहे. सरासरी प्रतिसाद काढावयाचा असेल तर ती क्षम्य. पण इस्त्री केलेल्या अशा नोंदींचा संच लावून प्रतिसादाच्या विखुरण्याविषयी काही बोलणे व्यर्थ होय, कारण ते विखुरणे आपणच आधी पुसून टाकलेले असते.

नोंदी किती असाव्या, ह्याचे गणित तर शाळकरी आहे. प्रतिसादाचे लॉगॅरिथमी प्रमाण विचलन ०.४ असेल, तर तीन नोंदींवरून काढलेल्या मध्यकाची प्रमाणचूक सुमारे तेवीस टक्के, सातांवरून पंधरा टक्के, अकरांवरून बारा टक्के. दहा टक्के चूक हवी असल्यास सोळा नोंदी लागतील. अमेरिकन संहितेने २०१६ च्या आवृत्तीत किमान संख्या अकरा केली आणि तीन नोंदींचे महत्तम घेण्याचा जुना मार्ग बंद केला. एका भूकंपाच्या किती नोंदी घ्याव्या ह्याकडेही लक्ष हवे. १९९९ च्या तैवानमधील ची-ची भूकंपाच्या नोंदी संग्रहात इतक्या विपुल आहेत, की संगणकावर निवड सोपविली तर अर्धा संच त्याच एका भूकंपाचा निघावयाचा. फेमाच्या संचात एका भूकंपाच्या दोनाहून अधिक नोंदी नाहीत, हे ह्याच कारणाने.

आता सशर्त वर्णपटाची स्तुती इतकी केल्यावर त्याच्या मर्यादांकडे डोळेझाक करता येणार नाही. तो एका आवर्तकालावर अधिष्ठित आहे. वीस मजली इमारतीत मजल्यांची सरक पहिल्या कंपनप्रकाराने ठरते, पण वरच्या मजल्यांवरील त्वरण दुसऱ्या-तिसऱ्याने. एका वर्णपटावरून दोन्ही विचारणे अनुचित आहे. त्यामुळेच अमेरिकन संहितेने असे किमान दोन वर्णपट घ्यावयास सांगितले आणि त्यांचे एकत्रित आवरण मूळ वर्णपटाच्या ७५ टक्क्यांखाली जाऊ नये अशी अट घातली. कंपनाचा कालावधी वर्णपटात दिसतच नाही. त्यासाठी ब्रॅडली ह्यांनी २०१० मध्ये मांडलेली, अनेक मापांचा एकत्र विचार करणारी पद्धती अधिक व्यापक आहे.

परंतु ह्या अडचणी परदेशीयांनाही आहेत. आपली स्वतःची अडचण ह्याहून मुळातील आहे. सशर्त वर्णपट काढावयास धोक्याचे विघटन करावे लागते : ह्या जागी, ह्या आवर्तकालाशी, ह्या पुनरावृत्तिकालाचा धोका कोणत्या परिमाणाच्या आणि किती अंतरावरील भूकंपामुळे निर्माण होतो. २०१६ च्या भारतीय मानकात क्षेत्राचा एक गुणांक आहे. त्यामागे असे विघटन नाही. काल-विश्लेषणासाठी उचित नोंद घ्यावी आणि ती शक्यतो संहितेच्या वर्णपटाशी जुळावी, ह्या आशयाचे एक वाक्य तेथे आहे. 'उचित' कशास म्हणावे ह्याविषयी ते कलम मौन बाळगते. सर्व भार त्या एका विशेषणावर टाकला गेला आहे, आणि रूढीने ते विशेषण एल सेंट्रोस बहाल करून टाकले आहे.

आणि नोंदींचे दारिद्र्य तर सर्वश्रुत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस ६.२ परिमाणाच्या भूकंपात हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. त्या भागात मुख्य धक्क्याची एकही त्वरणनोंद झाली नाही. तो प्रदेश त्या वेळी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात मोडत होता. यंत्र बसवावे असे तेथे कोणास वाटावे ? २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात केंद्राजवळ त्वरणलेख मिळाला नाही. दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर अहमदाबादेत एका बहुमजली इमारतीच्या तळमजल्यावरील यंत्राने सुमारे ०.११ पट इतके शिखरत्वरण टिपले, तेवढेच हाती राहिले. जपानने १९९५ च्या कोबेच्या आपत्तीनंतर दीड वर्षाच्या आत सुमारे हजार केंद्रांचे जाळे उभारले, ह्या पार्श्वभूमीवर आपले चित्र पाहावे. नोंदींच्या अभावी द्वीपकल्पासाठी रघुकांत आणि अय्यंगार ह्यांनी २००७ मध्ये वर्णपटाची जी समीकरणे दिली, ती भूकंपस्रोताच्या प्रतिमानावरून संगणकाने निर्मिलेल्या कंपनांवर आधारावी लागली. हे काम मोलाचे आहे, आणि त्यापूर्वी २००६ मध्ये त्याच अभ्यासकांनी मुंबई शहरासाठी केलेले धोका-विश्लेषणही. परंतु एप्सिलॉनांचे सहसंबंध आपण बव्हंशी कॅलिफोर्निया आणि तैवानच्या नोंदींवरूनच उसने घेतो. पठाराच्या जुन्या, कठीण कवचात लहरी कमी क्षीण होतात आणि अल्प आवर्तकालांत जोर अधिक असतो. तेथे हे सहसंबंध जसेच्या तसे लागू पडतात हे अद्याप गृहीतकच आहे. ज्यास प्रबंधासाठी विषय हवा असेल त्याने येथे पाहावे.

मौखिक परीक्षेच्या शेवटी त्या विद्यार्थ्याने उलट प्रश्न केला : "मग सर, मुंबईसाठी घ्यावे तरी काय ?" प्रश्न रास्त होता. त्यास जे सांगितले ते येथे नोंदवितो. एक संच न घेता दोन घ्यावेत. पहिला, शहराजवळच्या मध्यम भूकंपाचा : परिमाण सहाच्या आसपास, अंतर वीस-तीस किलोमीटर, यंत्र खडकावरचे, तो अर्ध्या सेकंदाशी सशर्त. दुसरा, दूरच्या मोठ्या भूकंपाचा : परिमाण साडेसातच्या पुढे, अंतर काही शे किलोमीटर, तो १.६ सेकंदाशी सशर्त, आणि इमारत भरावाच्या जमिनीवर असेल तर यंत्रही मऊ जमिनीवरचे. भुजचा धक्का मुंबईच्या उंच इमारतींत जाणवला होता, हे विसरू नये. दोहोंचे सापेक्ष वजन विघटनावरून ठरवावे, आणि ते विघटन मुंबईच्या उपलब्ध धोका-विश्लेषणावरून स्वतः करून पाहावे. प्रत्येक संचात किमान अकरा नोंदी, एका भूकंपाच्या दोनाहून अधिक नकोत. प्रत्येक नोंदीचे परिमाण, अंतर, जमीन, गुणक आणि एप्सिलॉन प्रबंधात तक्त्याच्या रूपाने द्यावेत, आणि विचारात घेऊन वगळलेल्या नोंदी कोणत्या कारणाने वगळल्या तेही लिहावे. कोयनेची नोंद पहिल्या संचासाठी अवश्य तपासावी. मात्र ती धरणाच्या गॅलरीतील आहे हे तक्त्यात स्पष्ट लिहावे, आणि आकार जुळला नाही तर ती सोडून द्यावी. दुसऱ्या संचासाठी घरची म्हणावी अशी अहमदाबादची ती एकच नोंद. उरलेल्या दहा मेक्सिको, जपान आणि तैवान येथून आणाव्या लागतील.